'जेट मोठा टाक' म्हणजे नक्की काय? जुन्या बुलेटच्या निमित्ताने

विचारणा

गाडी वडिलांची, सत्तरच्या दशकातली बुलेट ३५०. मूळचा अमाल मोनोब्लॉक कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून तिला मिककार्ब कार्बोरेटर बसवलेला आहे. उभ्या गाडीवर रेस दिली की क्षणभर अडखळते, मग उचलते. एका मेकॅनिकने सांगितलं, "जेट लहान पडतोय, दोन नंबर वाढवा." दुसरा म्हणाला, "मेन जेटला हात लावू नका, पायलट बघा." तिसऱ्याने "नीडल वर घ्या" असं सुचवलं. तिघांचाही हात मुरलेला आहे, त्यामुळे कोण चुकतोय हा प्रश्न नाही. मला आधी शब्द समजून घ्यायचे आहेत. जेट म्हणजे नेमका कोणता भाग? नंबर कशाचा? आणि जाता जाता, जेट तो की ते?

प्रतिसाद

लिंगाचं आधी उरकतो. 'जेट विमान' यातलं नपुंसकलिंग विमानाचं आहे. ते गळलं तरी 'जेट उडालं' असं आपण म्हणतो. सुट्या भागाबद्दल 'जेट बदलला' आणि 'जेट बदललं' ही दोन्ही रूपं माझ्या कानावर आहेत. मी पुल्लिंगी वापरतो, पण कुणी दुसरं वापरलं तर दुरुस्त करणार नाही.

अर्थाकडे वळू. मूळ फ्रेंच धातू 'फेकणे' या अर्थाचा. इंग्रजीत त्यावरून फवाऱ्याला जेट म्हणू लागले आणि फवारा जिथून निघतो त्या तोंडालाही. विमान, पाण्याचा झोत ही पहिल्या अर्थाची लेकरं. कार्बोरेटरचा जेट दुसऱ्या अर्थाचा: पितळेचा छोटा तुकडा, बाहेरून आटे, मधोमध आरपार छिद्र. मराठीत 'तोटी' म्हणता येईल, पण तोटी धार देते आणि जेटचं खरं काम माप ठेवण्याचं आहे. इंजिन हवा ओढतं, ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने वर ढकललं जातं. त्या वाटेत जेट बसलेला असतो. किती पेट्रोल जाऊ द्यायचं हे तो ठरवतो.

आता मुख्य मुद्दा. असे जेट एकाच कार्बोरेटरमध्ये तीन असतात: पायलट जेट (काही जण स्लो जेट म्हणतात), नीडल जेट आणि मेन जेट. नुसतं 'जेट मोठा टाक' म्हटलं की ऐकणारा बहुतेक वेळा मेन जेट धरतो, कारण वाटी उघडली की तोच समोर दिसतो. तुमच्या बाबतीत तोच सर्वात कमी संशयित आहे.

यासाठी मराठीत फार नेमके शब्द आहेत: पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. ॲक्सिलरेटरच्या मुठीला हे शब्द लावा. मूठ मिटलेली असल्यापासून पाव मुठीपर्यंत कारभार पायलट जेटचा आणि हवेच्या स्क्रूचा. साधारण तिथेच, स्लाइड (मुठीबरोबर गळ्यात वरखाली सरकणारा भाग) उचलू लागताना, तिच्या तळाला दिलेली तिरकी काटही हात लावते. पाव ते पाऊण मूठ स्लाइडला लटकलेली सुई (नीडल) आणि ती ज्यात वरखाली होते तो नीडल जेट. पाऊण मुठीच्या पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत थोड्या शिरतात, पण दिशा हीच. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या भागावर चिकटपट्टीच्या खुणा करा, म्हणजे अंदाजाने बोलावं लागणार नाही.

प्रतिसाद

वरच्या माहितीला जोडून दोन शब्दांबद्दल सावध करतो, कारण यात माणसं चुकीचा भाग विकत आणतात.

पहिला 'नीडल'. कार्बोरेटरमध्ये सुया दोन असतात. एक स्लाइडला लटकलेली, निमुळती, वरच्या टोकाला खाचा आणि क्लिप असलेली. दुसरी फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची), वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी. "ओव्हरफ्लो होतंय, नीडल बदल" यातली दुसरी आणि "नीडल वर घे" यातली पहिली. दुकानात नुसतं 'बुलेटची नीडल' मागू नका.

दुसरा 'पिस्टन'. बऱ्याच गॅरेजांत स्लाइडलाच कार्बोरेटरचा पिस्टन म्हणतात. कामापुरतं चालतं, पण लिहिताना 'स्लाइड' बरा.

आणि 'नीडल वर घे' याचा अर्थही नीट पाहा. क्लिप खालच्या खाचेत बसवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर, सुई खाली, पेट्रोल कमी. 'क्लिप वर घे' आणि 'नीडल वर घे' या एकमेकींच्या उलट सूचना आहेत. खाचा नेहमी वरून मोजायच्या.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

हे फार उपयोगी पडलं, दोघांचेही आभार. नंबराचं मात्र राहिलं. माझ्या जुन्या अमालच्या मेन जेटवर तीन आकडी नंबर आहे आणि मिककार्बच्या जेटवर त्याच्या जवळपास निम्मा. म्हणजे नवा निम्म्याने लहान?

प्रतिसाद

नाही. नंबर एकाच मापाचा नसतो. अमालचा नंबर प्रवाहाचा आहे, म्हणजे ठरावीक दाबाखाली मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल जातं त्याचा. केहिन आणि देल्लोर्तो या कार्बोरेटर कंपन्या छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात देतात, तिथे १०० म्हणजे १ मिमी. मिकुनीत (तुमचा मिककार्ब त्याच धर्तीचा) दोन्ही पद्धती सापडतात: षटकोनी डोक्याच्या मोठ्या जेटवर प्रवाह, गोल जेटवर छिद्र. म्हणून दोन कंपन्यांच्या जेटचे आकडे शेजारी ठेवून लहानमोठे ठरवू नयेत.

'दोन नंबर वाढवा' किती मोघम आहे ते हिशेबातून दिसतं. प्रवाहाच्या नंबरात १८० वरून १९० वर गेलात तर पेट्रोल साडेपाच टक्के वाढलं. व्यासाच्या नंबरात ९० वरून १०० वर गेलात तर छिद्राचं क्षेत्रफळ २३ टक्के वाढलं, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. दोन्हीकडे आकडा दहानेच वाढला. पहिल्यात फरक जेमतेम जाणवेल, दुसऱ्यात प्लग काळा पडेल.

प्रतिसाद

'रिच' आणि 'लीन'बद्दल थोडं. 'लीन' मराठीत आधीच आहे, नम्र आणि तल्लीन अशा अर्थांनी. त्यामुळे 'मिक्श्चर लीन झालं' हे नवख्याला बुचकळ्यात टाकतं. 'श्रीमंत मिश्रण' तर कानाला टोचतं. मी 'पेट्रोल जास्त' आणि 'पेट्रोल कमी' एवढंच म्हणतो. 'हवा जास्त, हवा कमी' टाळतो, कारण 'हवेचा स्क्रू कमी कर' म्हणजे तो आत घ्यायचा की बाहेर, यावर वाद होतो. आत, बाहेर आणि किती फेरे, असं बोलावं. अमाल मोनोब्लॉक आणि या मिककार्बवर हा स्क्रू हवेचा आहे, आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. ज्या कार्बोरेटरवर तो पेट्रोलचा असतो, तिथे आत घेतला की कमी होतं. साधारण दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करावी.

लक्षणांचे आपले शब्द चांगले आहेत. पेट्रोल जास्त असलं की गाडी गुदमरते, काळा धूर टाकते, प्लग काजळतो. कमी पडलं की अडखळते, रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट करते, इंजिन तापतं. लडाखला बुलेट नेणाऱ्यांना गुदमरणं ठाऊक असतं. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उरतो. जेट मात्र मैदानी हवेचंच पेट्रोल देत राहतो. तिकडे लहान जेट टाकणाऱ्याने उतरताना मूळचा परत बसवलाच पाहिजे.

टू-स्ट्रोकवाल्यांनी तर डोळ्यांत तेल घालून पाहावं. जुन्या जावा-येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यामुळे जेट लहान केला की वंगणही कमी झालं. पिस्टन पकडतो तो असा.

प्रतिसाद

आजचं पेट्रोलही धरा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुना जेट तसाच ठेवला तर गाडी थोडी 'पेट्रोल कमी'कडे झुकते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पायलट जेट आधी चोंदतो, कारण छिद्र त्याचंच सर्वात बारीक. प्लगचा रंग वाचतानाही जुन्या पुस्तकांतलं वर्णन जसंच्या तसं धरू नका. ते शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं आहे आणि ते पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं. आताचा प्लग मुळातच फिका दिसतो.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

म्हणजे माझं अडखळणं पाव मुठीच्या आतलं, तेव्हा पायलटवाले बरोबर. तो बारीक तारेने साफ करू का?

प्रतिसाद

तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेने छिद्र घासून रुंदावतं आणि जेटवर कोरलेला नंबर खोटा ठरतो. मग तुम्ही ज्या मापाचं बोलताय ते माप गाडीत नसतंच. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, मग हवेचा दाब मारा. उजेडाकडे धरून छिद्र पूर्ण गोल दिसतं का पाहा. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा घ्या, नाहीतर खाच आधी जाते आणि मग आटे. बसवल्यावर इंजिन चांगलं गरम करून हवेचा स्क्रू पाव फेरा आत घ्या. अडखळणं कमी झालं तर पायलट लहान पडतोय, तेव्हा त्याच कंपनीचा पुढच्या नंबराचा पायलट मागा. फरक पडला नाही तर इनटेकच्या, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या, जोडावर कुठे हवा ओढतेय का ते बघा, आणि मग सुईची क्लिप एक खाच खाली. मेन जेटला अजून हात लागलेला नसेल.