रागुसा: खंडणी देऊन राखलेलं स्वातंत्र्य, की नुसता देखावा?

गलबतवाला
रागुसा म्हणजे आजचं क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक. मूठभर उमराव घराण्यांचं व्यापारी प्रजासत्ताक, आणि पाठीला तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य. 1481 पासून दरसाल 12,500 डुकॅट (सोन्याची नाणी) खंडणी म्हणून ऑटोमन सुलतानाला जायचे. दोन वकील ही रक्कम घेऊन खुश्कीने इस्तंबूल गाठत आणि पुढच्या वर्षीची जोडी येईपर्यंत तिथेच मुक्काम ठोकत. लोक याला लाचारी म्हणतात. मला हिशेबी सौदा दिसतो. ऑटोमन मुलखात बहुतेक ठिकाणी यांना जकात 2 टक्के, बाकी ख्रिस्ती व्यापाऱ्यांना 5. बाल्कनची कातडी, मेण, लोकर इटलीला. तिकडचं कापड इकडे. 1570-73 मध्ये प्रतिस्पर्धी व्यापारी प्रजासत्ताक व्हेनिस सायप्रससाठी तुर्कांशी लढत होतं, तेव्हा सगळा माल रागुसामार्गे वळला आणि त्यांची तिजोरी भरली.

तिरकस_तात्या
गलबतवाले, सौदा म्हणजे दोघांनाही मोडता येतो तो. इथे मोडायचा हक्क एकालाच होता. 1667 च्या भूकंपात शहर भुईसपाट, हजारो माणसं मेली. दहा वर्षांनी सुलतानाचा वजीर कारा मुस्तफा म्हणतो, व्हेनिसशी झालेल्या मागच्या युद्धात आमच्या व्यापाऱ्यांकडून जास्त जकात उकळलीत, ती परत करा! समजूत घालायला गेलेल्या रागुसाच्या वकिलाला, निकोला बुनिचला, कैदेत टाकलं. 1678 मध्ये तो ऑटोमन मुलखातल्या सिलिस्ट्राच्या तुरुंगातच मेला. दोनशे वर्षं खंडणी भरून ही पत?

गलबतवाला
तात्या, मुद्दा बरोबर, पण अर्धा. बुनिच मेला तरी शहराने मान तुकवली नाही. 1683 मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्क हरल्यावर सुलतानाने कारा मुस्तफालाच गळफास दिला, प्रकरण विरलं. वेळ काढणं हेही शस्त्रच की.

तिरकस_तात्या
म्हणजे नशीब. त्याला धोरण म्हणू नका.

सांजवात
दोघेही सुलतानातच अडकलात. रागुसाला खरी धास्ती व्हेनिसची. 1699 मध्ये तुर्क आणि व्हेनिस वगैरेंच्या कार्लोविट्झ तहाच्या वेळी रागुसाने काय केलं बघा: आपल्या हद्दीच्या दोन टोकांना नेउम आणि सुतोरिना या पट्ट्या तुर्कांना देऊन टाकल्या, व्हेनिसची सीमा आपल्याला भिडू नये म्हणून. बलाढ्य शेजारी कुंपण म्हणून वापरला!
नेउम अजूनही बोस्नियात आहे. मी 2019 ला क्रोएशियातल्याच स्प्लिटहून बसने डुब्रोव्हनिकला गेले, तर पासपोर्ट काढा, ठेवा, पुन्हा काढा. मधल्या थांब्यावर निम्मी बस स्वस्त सिगरेटी घ्यायला उतरली. 2022 मध्ये पेल्येशाच द्वीपकल्पाला जोडणारा पूल झाला, आता बोस्नियाला वळसा घालून जाता येतं.

तिरकस_तात्या
सांजवातताई, कुंपण पटलं. पण हीच मंडळी तुर्कांच्या बातम्या स्पेनला आणि स्पेनच्या तुर्कांना पुरवत होती, तेही जमेत धरा. आणि 1808 ला फ्रेंचांनी प्रजासत्ताक बरखास्त केलं तेव्हा कुंपण कुठे होतं?

गलबतवाला
फ्रेंचांना खंडणी नको होती, तात्या. त्यांना बंदरच हवं होतं.