मदत हवी आहे: 'झीज' या विषयावर फोटोमालिका

नमस्कार मंडळी,

'झीज' हा एकच विषय धरून फोटोमालिका करतेय, घरात आणि पुण्यातल्या पेठांत जे सापडेल त्यावर. घरातलं जमतंय. विळीचं पातं धार लावून लावून इतकं अरुंद झालंय की नव्या विळीशेजारी ठेवलं तर तीच वस्तू वाटू नये. पाट्याचा मध्य गुळगुळीत, कडेला मात्र टाकीचे घाव अजून शाबूत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की एकेक घाव मोजता येतो.

अडतंय ते बाहेर. फुले मंडईत (1886 ची इमारत) जो तो त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या मागे. मला गाळ्यांच्या कडा आणि तराजूची पारडी हवीत, पण भाजीचे रंग असे अंगावर येतात की झीज दिसतच नाही. सरळ कृष्णधवल करू? की ती पळवाट ठरेल?

दुसरं, तांबट आळी. मठारकामाच्या (तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोडीने ठोके देण्याचं काम) ठोक्यांवरची चकाकी कशी आवरायची? धातूवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) फारसा चालत नाही, आणि कारागिराचं काम थांबवून पडदे-बिडदे लावणं मला पटत नाही. माझ्याकडे 50 मिमी एफ 1.8 लेन्स आहे, फ्लॅश नाही. कुठल्या वेळी जावं, कुठून उभं राहावं?

शिवाय अजून वस्तू सुचवा. देवळाचे उंबरे आणि जुनी कुलपं सोडून, ते फार झालंय!