अनेक जावा प्रकल्पांतील सामायिक लायब्ररींच्या आवृत्त्या एका जागी कशा सांभाळाव्यात?

प्रश्न
आमच्या काही सेवा मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनावर बिल्ड होतात आणि प्रत्येकीची रिपॉझिटरी वेगळी आहे. जेसन (डेटा देवाणघेवाणीचा मजकुरी प्रकार) व लॉगिंगसाठी आम्हीच लिहिलेली एक कॉमन लायब्ररी त्या सगळ्या वापरतात. ही लायब्ररी ग्वावा (गूगलची जावा लायब्ररी) २० वर कम्पाइल झालेली आहे. अलीकडे एका सेवेच्या पॉममध्ये (मेव्हनच्या प्रकल्प-फाइलमध्ये) ग्वावा ३१ थेट लिहिले गेले. बिल्ड विनातक्रार झाले, पण सर्व्हरवर पहिल्याच रिक्वेस्टला ग्वावाच्या ‘ऑब्जेक्ट्स.फर्स्टनॉननल’ (दोन मूल्यांतील नल नसलेले पहिले देणारी) या मेथडसाठी ‘नो सच मेथड एरर’, म्हणजे मेथड सापडत नसल्याची चूक, आली. सर्व सेवांना एकच पेरेंट पॉम (ज्याची सेटिंग्ज त्या वारशाने घेतील असा) द्यावा, की याहून चांगला मार्ग आहे?

उत्तर १
ती मेथड ग्वावा २१ मध्ये काढून टाकण्यात आली. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या समोर आल्या, की मेव्हन मोठी आवृत्ती निवडत नाही, तर डिपेंडन्सी ट्रीमध्ये (कोणती लायब्ररी कोणावर अवलंबून आहे या वृक्षात) आपल्या प्रकल्पाला जी सर्वांत जवळ असेल ती निवडतो. त्यामुळे सेवेने लिहिलेली ३१ टिकली. कॉमन लायब्ररीचा जार आधीच कम्पाइल झालेला असल्याने बिल्डच्या वेळी कोणाला काही कळले नाही.

पेरेंट पॉम मी सुचवणार नाही, कारण प्रकल्पाला पेरेंट एकच असू शकतो आणि स्प्रिंग बूट हे जावा फ्रेमवर्क वापरणाऱ्यांकडे ती जागा बहुधा आधीच भरलेली असते. त्याऐवजी फक्त आवृत्त्यांची यादी असलेला एक बॉम, म्हणजे ‘पॉम’ पॅकेजिंगचा छोटा प्रकल्प, तयार करून नेक्ससवर (लायब्ररी साठवण्याच्या सर्व्हरवर) प्रसिद्ध करावा, आणि प्रत्येक सेवेने तो ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’ विभागात ‘इम्पोर्ट’ स्कोपने घ्यावा. त्यानंतर सेवांच्या पॉममध्ये आवृत्तीचा आकडा लिहूच नये. लिहिला, तर बॉम बाजूला पडून तोच आकडा लागू होतो. बॉमची स्नॅपशॉट (अजून बदलत असलेली) आवृत्ती मात्र रिलीजमध्ये कधीही वापरू नये, अन्यथा कालचे बिल्ड आज जसेच्या तसे पुन्हा मिळेल याची खात्री राहत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आम्ही स्प्रिंग बूटचाही बॉम इम्पोर्ट करतो. जॅक्सन या जेसन हाताळणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती पॉममध्ये प्रॉपर्टी (नाव देऊन ठेवलेले मूल्य) लिहून बदलून पाहिली, पण परिणाम झाला नाही.

उत्तर २
ती सोय स्प्रिंग बूटचा स्टार्टर पेरेंट वारशाने घेतला तरच चालते. इम्पोर्ट केलेल्या बॉमवर आपली प्रॉपर्टी लागू होत नाही. दोन बॉममध्ये एकच लायब्ररी असेल, तर पॉममध्ये आधी लिहिलेला बॉम ग्राह्य धरला जातो, म्हणून आपला बॉम स्प्रिंग बूटच्या वर लिहावा. जॅक्सनचे सर्व मॉड्यूल एकाच आवृत्तीचे राहावेत यासाठी त्यात जॅक्सनचा स्वतःचा बॉम घ्यावा. केवळ डेटाबाइंड हे मॉड्यूल नव्या आवृत्तीवर नेऊन कोअर हे मॉड्यूल मागे ठेवल्यास पुन्हा याच जातीच्या चुका येतात.

मेव्हनच्या एन्फोर्सर (नियम तपासणाऱ्या) प्लगइनचा ‘रिक्वायर अपर बाउंड डेप्स’ हा नियमही लावावा. कोणी मागितलेल्या आवृत्तीपेक्षा जुनी निवडली गेली, तर तो बिल्ड पाडतो. तुमच्या ग्वावाच्या घटनेत मात्र नवी आवृत्ती निवडली गेल्यामुळे तो गप्पच बसला असता. तिथे प्रत्येक सेवेची इंटिग्रेशन टेस्टच उपयोगी.

उत्तर ३
बॉममुळे सेवा आपोआप अद्ययावत होतात, असा समज अनेकांचा असतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीच्या सुरक्षादोषावर २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत एकाच महिन्यात चार आवृत्त्या आल्या. बॉममध्ये दर वेळी बदल एकाच ओळीचा, पण प्रत्येक सेवेने नवा बॉम घेऊन पुन्हा डिप्लॉय करणे काही चुकत नाही. ते पुल रिक्वेस्ट उघडण्याचे काम रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट या आवृत्त्या आपोआप सुचवणाऱ्या साधनांकडे सोपवावे.

आणि खरे दुखणे कॉमन लायब्ररीतच आहे, असे माझे मत आहे. एका फर्स्टनॉननलसाठी आख्खी ग्वावा प्रत्येक सेवेच्या माथी का मारावी? जावा ९ पासून तेच काम करणारी ‘रिक्वायर नॉननल एल्स’ ही मेथड जावाच्या प्रमाण लायब्ररीतच उपलब्ध आहे. पर्यायी मूल्यही नल असेल तर दोन्ही मेथड सारख्याच एरर देतात, त्यामुळे हा बदल सरळ करता येईल.