बंद ठेवलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पिवळा दिवा दाखवतोय

कोकणकडा: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले ५ लिटरचे दोन कॉन्सन्ट्रेटर अख्खा पावसाळा खोक्यात पडून होते. आता सुरू केल्यावर थोड्या वेळात पिवळा दिवा लागतो. नळी पाण्यात धरली तर बुडबुडे मात्र जोरात येतात. दुरुस्तीवाले थेट सिव्ह बेड (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे झिओलाइटचे दाणे भरलेला डबा) बदला म्हणतात. त्याआधी काय तपासावं?

यंत्रवैद्य: पिवळा दिवा बहुतेक यंत्रांत ऑक्सिजनची शुद्धता कमी असल्याचं सांगतो. बुडबुड्यांवरून प्रवाह कळतो, शुद्धता नाही. तपासणी होईपर्यंत दोन्हींवर ‘वापरू नये’ असं लिहून चिकटवा, कृपा करून पेशंटला लावू नका. बाहेरचा जाळीचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करणारी) पाण्याची बाटली काढून यंत्र मिनिटाला ५ लिटर प्रवाहावर २० मिनिटं चालवा, मग ॲनलायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं उपकरण) लावा. ९० ते ९६ टक्के आलं तर ठीक. कमी आलं तर प्रवाह २ लिटरवर आणा. तिथे नव्वदीपार गेलं तर कॉम्प्रेसर दमलाय, कुठे गळती आहे किंवा बेड अर्धवट निकामी झालाय. जोडांना साबणाचा फेस लावला की गळती लगेच दिसते. २ लिटरवरही कमीच राहिलं तर बेडमध्ये ओल शिरलीय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. व्हॉल्व्हचा ‘फुस्स’ आवाज ठरावीक अंतराने यायला हवा. बेडमधलं झिओलाइट नायट्रोजन धरतं आणि सोडतं, पण पाणी धरलं की सहजी सोडत नाही. ओल थोडी असेल तर काही तास चालवून शुद्धता चढते. नाही चढली तर बेड बदलावाच लागेल.

सुईधागा: ॲनलायझरवरही डोळे झाकून विश्वास नको. रासायनिक सेन्सरचा असेल तर तो कपाटात पडूनही संपतो, म्हणून आधी साध्या हवेत २०.९ दाखवतो का बघा.

अनिकेत_बीएमई: दुरुस्तीनंतर पुन्हा खोक्यात घालू नका. महिन्यातून एकदा तरी अर्धा-एक तास चालवा. भिंतीपासून फूटभर अंतर, स्टॅबिलायझर हवाच. वीज गेल्याची सूचना देणारी ९ व्होल्टची बॅटरी असेल तर तीही तपासा.

आणखी एक. यंत्रावर बीएमएमपीचं (सरकारी दवाखान्यांतल्या वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीच्या योजनेचं) स्टिकर आहे का? राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या या योजनेत प्राथमिक केंद्रातली उपकरणं किमान ८० टक्के वेळ चालू असायला हवीत. पण तक्रार नोंदवलीच नाही, तर कागदावर तुमचं यंत्र चालूच असतं! फोन करा, तक्रार क्रमांक रजिस्टरात लिहा. देणगीतलं यंत्र यादीत नसेल तर आधी ते यादीत चढवून घ्या.