कॅसेटी कन्व्हर्ट करायला रॅम वाढवायलाच हवी का?

गोदाकाठ:
परवा 'मुळाकाठ' यांनी विचारलं होतं की लग्नाच्या मिनीडीव्ही (जुन्या डिजिटल कॅमकॉर्डरच्या छोट्या) कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन एमपी४ करायच्या आहेत, मशीन चौथ्या पिढीचं आय३, ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क, तर रॅम वाढवू का? त्यावर 'अपरांत' यांचा हुकूम आला: "१६ जीबी टाका, त्याशिवाय कन्व्हर्जनच्या नादी लागू नका." खाली धडाधड +१. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मिनीडीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. अशी एक फ्रेम उलगडली तरी मेमरीत एक एमबीसुद्धा व्यापत नाही. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, अख्खी फाइल मेमरीत ओढत नाही. पुढच्या काही फ्रेम बघतो, दाबतो, डिस्कवर लिहितो आणि सोडून देतो. त्यामुळे कॅसेट एका तासाची असो की दीड तासाची, रॅम तेवढीच लागते. हँडब्रेक हे व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर चालू करा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू शंभर टक्क्यांवर चिकटलेला आणि मेमरी बरीचशी रिकामी, असं चित्र असेल तर नवी स्टिक लावून वेळ एका मिनिटाने कमी होणार नाही. दोन कोरांचा प्रोसेसर आहे, तो त्याच्याच वेगाने चालणार. लोकांना नाहक खर्चात का पाडता?

अपरांत:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. घरचं मशीन फक्त कन्व्हर्जनला नसतं, हेही मी लिहिलं होतं. आमच्याकडे मुलीचा ऑनलाइन क्लास, सौ.चं एक्सेल आणि क्रोमचे ढीगभर टॅब एकाच वेळी चालू असतात. त्यात कन्व्हर्जन लावलं की ८ जीबी भरते आणि विंडोज पेजफाइलवर जातं, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ठेवायला लागतं. मग त्याच हार्ड डिस्कवरून व्हिडिओ वाचायचा, तिच्यावरच लिहायचा आणि वर तिच्यावरच पेजिंग! माउससुद्धा हलत नाही. हे मी रोज भोगलंय आणि १६ जीबी केल्यावर थांबलंय.

शिवाय आज कॅसेटी, उद्या मोबाइलवर काढलेलं मुंजीचं फोरके शूटिंग. ते एक्स२६५ या एन्कोडरने दाबायला घ्या, काही जीबी सहज खातं. तेव्हाही 'फ्रेम एक एमबीची' म्हणणार का?

गोदाकाठ:
फोरकेचं मान्य, पण प्रश्न फोरकेचा नव्हताच. तुम्ही सांगताय तो त्रास डिस्कचा जास्त आहे. विंडोज एसएसडीवर घ्या, निम्मी कटकट संपेल. आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीखाली 'हार्ड फॉल्ट' बघा, म्हणजे रॅममध्ये न सापडलेलं डिस्कवरून किती वेळा आणावं लागतंय ते. कन्व्हर्जन चालू असताना तो आकडा सतत वर राहत असेल तर खुशाल रॅम घ्या. शून्याच्या आसपास असेल तर नका घेऊ.

सिंहगडरोड:
दुकानदारांबद्दल कुणी बोलेल का? मशीन हळू चालतंय म्हटलं की 'साहेब, रॅम टाकू'. पंख्यात धूळ, रॅम टाकू. डिस्क मरायला टेकली, रॅम टाकू. माझ्याकडून असेच पैसे घेतले आणि महिन्याभरात डिस्क गेली ती गेलीच.

आणि चौथ्या पिढीला डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम लागते, हे कुणीच सांगत नाहीये. ती स्टिक पुढच्या मशीनला चालणार नाही. विंडोज १०चा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. नव्या रॅमचे भाव डेटा सेंटरांच्या मागणीने २०२५च्या अखेरीपासून चढलेत. मायक्रॉन या मेमरी कंपनीने त्या डिसेंबरात क्रुशल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या मशीनवर पैसे घालणं मला पटत नाही.

वऱ्हाडी:
एवढी चर्चा काहून? क्विक सिंक, म्हणजे प्रोसेसरातच बसवलेला व्हिडिओ एन्कोडर, इंटेलमध्ये २०११पासून आहे. हँडब्रेकात तो एन्कोडर निवडा, काम झटक्यात होतं. रॅम नको, काही नको.

वाशिष्ठी:
कॅसेटींना क्विक सिंक नका हो लावू, कळकळीने सांगते. जुन्या शूटिंगमध्ये दाणेदार गोंधळ फार असतो. एवढ्या जुन्या पिढीचा हार्डवेअर एन्कोडर तेवढ्याच आकारात चित्राची माती करतो. एक्स२६४ हा प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर संथ प्रीसेटवर रात्रभर चालू ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट डीइंटरलेसची. जुन्या व्हिडिओतली फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची असते, त्या ओळी नीट जुळवून घेणं म्हणजे डीइंटरलेस. आमच्या गावातल्या एका स्टुडिओने आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस डीव्हीडीवर करून दिली. डीइंटरलेस न करताच चित्राचा आकार बदलला. आजी अक्षता टाकते त्या क्षणी तिच्या हाताच्या जागी नुसते कंगव्याचे दाते दिसतात, बांगड्यासुद्धा ओळखू येत नाहीत. आजीचं हलतं चित्र आमच्याकडे तेवढंच आहे. मूळ कॅसेट मागायला गेलो तर 'डीव्हीडी दिली ना' म्हणून त्यांनी ती टाकून दिलेली. म्हणून एमपी४ झालं तरी मूळ डीव्ही फाइल पुसू नका. तासाला साधारण १३ जीबी लागतात, लागू देत.

वऱ्हाडी:
ताई, लोकांना मोबाइलवर पाहायचं असते, संग्रहालयात ठेवायचं नसते. वीस कॅसेटींचे २६० जीबी कोण सांभाळत बसेल?

वाशिष्ठी:
मी सांभाळीन! एक टीबीच्या डिस्कच्या कोपऱ्यात मावतात ते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना विचारा. आमच्याकडे कोकणात माळ्यावरच्या कॅसेटींना दोन पावसाळ्यांत बुरशी धरते. रिळाच्या कडेला पांढरं दिसलं आणि तशीच व्हीसीआरमध्ये घातली की हेड खराब, आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटीला. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाईनेसुद्धा जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. कॅसेट एकदाच नीट चालेल असं धरून चालावं लागतं, आणि तुम्ही म्हणता फाइल पुसा!

वऱ्हाडी:
पुसा असं मी म्हटलंच नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. मोबाइलसाठीची प्रत क्विक सिंकनेच करीन, यावर ठाम आहे. मूळ ठेवायची तर ठेवा, त्याला माझी ना नाही.

अपरांत:
कॅसेटींपुरती ८ जीबी पुरते, चला, मान्य. पण ४ जीबीवाल्या कुणी हा धागा वाचून तसंच राहू नये. तिथे विंडोज स्वतःच गुदमरत असतं, मग हार्ड फॉल्ट बघायचीही गरज नाही.

मुळाकाठ:
सगळ्यांचे आभार. काल दुसरीच एक फाइल हँडब्रेकात लावून बघितली: सीपीयू १००, मेमरी ४५ टक्के, हार्ड फॉल्ट जवळपास शून्य. रॅम रद्द. पण कॅमेऱ्याला फायरवायरची (व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्यायच्या जुन्या केबलची) खाच आहे आणि माझ्या मशीनला ते पोर्टच नाही. यूएसबीने होईल का?

गोदाकाठ:
बहुधा नाही. बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांचं यूएसबी फोटोंपुरतं किंवा कमी प्रतीच्या व्हिडिओपुरतं असतं. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा रिकामा स्लॉट असेल तर फायरवायर कार्ड घ्या, रॅमचे पैसे तिकडे वळवा. विंडोज १०वर अडलं तर १३९४चा (म्हणजे फायरवायरचाच) 'लेगसी' ड्रायव्हर टाकून बघा. तासाच्या कॅसेटला तासच लागेल. सेकंदाला चारेक एमबी लिहायचे असतात, तुमची जुनी डिस्क ते आरामात झेपवेल. फक्त तेवढा वेळ क्रोम बंद ठेवा.

वाशिष्ठी:
आणि कॅमेऱ्यात घालण्याआधी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून रीळ बघा. पांढरं दिसलं तर ती बाजूला ठेवा आणि इथे फोटो टाका.