नववीत गळालेली पोरं कुठल्या टक्क्यात? (आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा, घणसोली, १३ मे २०२५)

मंगळवारी दहावीचा निकाल लागला आणि ग्रुपवर बोलणं भलत्याच दिशेला गेलं. दोघातिघांनी मागितलं म्हणून इथे टाकतोय. नावं काढलीत, फ्लॅट नंबरही बदललेत, शाळेचं नाव मुद्दाम नाही. हार, फुगे आणि पार्किंगचे मेसेज गाळलेत. टँकरचा एक राहू दिला, नाहीतर हा आपलाच ग्रुप आहे यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

*सेक्रेटरी, ए-२०१ (दु. १.३१)*
दहावीचा निकाल लागला. आपल्या सोसायटीतून जे बसले होते त्यांनी मार्क कळवावेत. रविवारी क्लब हाऊसला सत्कार ठेवू. साइट अडकत असेल तर डिजिलॉकरवर बघा.

*ए-६०४*
मुलीला ९१.४०. सगळ्यांचे आशीर्वाद.

*सी-२०२ काकू*
अभिनंदन!!! पेढे आमच्या मजल्यावर आधी.

*बी-१०१*
राज्याचा ९४.१० टक्के. आपला मुंबई विभाग ९५.८४. कोकण पुन्हा पहिलं, ९८.८२.

*सी-२०२ काकू*
माझं माहेर चिपळूण. बाकी काही बोलत नाही.

*ए-६०४*
शंभरातले चौऱ्याण्णव पास म्हणजे कमालच. आमच्या वेळी दहावी म्हटलं की घरात सुतक असायचं. आता नापास होणंच अवघड.

*बी-३०४*
अवघड नाही हो काका. आमचा धाकटा १ मेला नववीत नापास झाला. मनपाच्या शाळेत आहे. गेल्या आठवड्यात मला ऑफिसात बोलावून सांगितलं की शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज द्या, १७ नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीला बसवा, वर्ष वाचेल. म्हणजे नक्की काय करायचं? ह्यांनाही कळत नाहीये, मलाही.

*सी-२०२ काकू*
अगं, मग इतके दिवस बोलली नाहीस?

*सेक्रेटरी, ए-२०१*
डी विंग : टाकी साफसफाई. ४ ते ५ पाणी बंद. टँकर सांगितला आहे.

*सी-५०२ सर*
बी-३०४ ताई, अर्ज देऊ नका. आधी हे सगळं वाचा.
पालकाच्या अर्जावर दाखला निघतो. तुम्ही अर्ज दिलात की कागदावर शाळा तुम्ही स्वतःहून सोडलीत, शाळेने काढलं नाही. म्हणून ते अर्ज मागतायत. नववीत राहिलेल्या मुलाला त्याच शाळेत पुन्हा नववीला बसता येतं.
१७ नंबरचा फॉर्म मुळात वाईट नाही. शाळा सुटून वर्षं झालेली माणसं, लवकर लग्न झालेल्या मुली, कामाला लागलेली मुलं, यांच्यासाठी ती सोय आहे. किमान पाचवी पास असलं की खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. पण रोज दप्तर घेऊन शाळेत येणाऱ्या पोराच्या हातात तो फॉर्म कोण देतो आणि का देतो, ते बघा. दोन शाळांत मुख्याध्यापक होतो, माझ्याही टेबलावर ते फॉर्म होते.
दादांनी वर ९४.१० लिहिलं, तो नियमित विद्यार्थ्यांचा टक्का. खासगी मुलांचा बोर्ड वेगळा काढतं. आणि शाळेच्या गेटवर लागतो तो ‘१०० टक्के निकाल’चा फ्लेक्स, तो परीक्षेला बसलेल्या मुलांवर. नववीतच ज्याला दाखला दिला तो शाळेच्या टक्क्यात नाही. पुढे १७ नंबरला बसला नाही, तर बोर्डाच्याही टक्क्यात नाही.

*ए-६०४*
सर, मान आहे, पण शाळेची बाजूही बघा. मुलाला येत नसेल तर वर ढकलायचं का? आठवीपर्यंत ढकलतातच. त्यानेच वाट लागली.

*बी-३०४*
हेच मला कळत नाही. आठवीत याला क-१ होता. शेरा होता ‘वर्गात लक्ष देतो’. एका वर्षात असं काय झालं?

*डी-१०३ बाई*
ताई, मी सांगते. मीही मनपाच्याच शाळेत शिकवते, तुमच्या मुलाच्या नाही.
क-१ म्हणजे ५१ ते ६० टक्के. सातवी-आठवीला १०० पैकी ४० गुण आकारिकचे, म्हणजे वर्गातल्या कामाचे, आणि ६० संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे असतात. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, छोटी चाचणी हे सगळं येतं. आता प्रकल्प कोण करतं हे मी सांगायला नको, स्टेशनरीच्या दुकानात तयार चार्ट मिळतात. समजा आकारिकला ४० पैकी ३४ पडले आणि लेखी परीक्षेत ६० पैकी २१. बेरीज ५५. झाला क-१.
नववीला गणिताचा लेखी पेपरच ८० चा, बीजगणित ४० आणि भूमिती ४०. अंतर्गत फक्त २०. खालची उशी काढून घेतली की पोरगं आपटतं. त्याला येत होतं तेवढंच येतंय, आता फक्त दिसायला लागलं.

*बी-३०४*
मग आठवीत कुणी सांगायला नको?

*डी-१०३ बाई*
प्रगतिपुस्तकात ‘सुधारणा आवश्यक’ असा एक रकाना असतो. त्यात ‘गणिताचा सराव करावा’ लिहिलेलं असणार. मीही लिहिते. बासष्ट मुलांच्या वर्गात बासष्ट वेगळ्या नोंदी लिहिणारी बाई मला अजून भेटायची आहे.
यंदा तर पेपर २५ एप्रिलपर्यंत ओढले आणि १ मेला निकाल. मधे पाच दिवस. त्यातच संकलित चाचणी २ चे गुण पोर्टलवर भरायचे, एकेका मुलाचे, एकेका प्रश्नाचे. रात्री अकरा वाजता सर्व्हर चालतो म्हणून अकराला भरायचे. प्रत्येक उत्तरपत्रिका नीट वाचली का असं विचारलंत तर मी गप्प बसेन.

*सी-२०२ काकू*
बाई, एवढं खरं ग्रुपवर कुणी लिहीत नाही हो.

*बी-१०१*
मी १७ नंबरवाला आहे. कुणाला माहीत नसेल. मलाही असंच ‘वर्ष वाचेल’ सांगितलं होतं. सकाळी कोपरखैरण्याला क्लास, दोन तास. मग अख्खा दिवस मोकळा. सहामाही नाही, चाचणी नाही, सराव पेपर लिहिला तर तपासून द्यायला कुणी नाही. नाक्यावरची माझी सगळी ओळख त्या वर्षातली. पहिल्या खेपेला तीन विषय राहिले. वर्ष वाचलंच नाही, उलट दोन गेली. काका, तुम्ही म्हणता येत नसेल तर ढकलू नका. कबूल. पण बाहेरही ढकलू नका ना.

*ए-६०४*
दादा, हे माहीत नव्हतं. माझा मुद्दा एवढाच की धाक हवा. पाचवी-आठवीला आता पुन्हा परीक्षा लावली ती बरोबर आहे.

*सी-५०२ सर*
लावली, पण ती कशी ते अर्धंच लोकांना माहीत असतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं होतं. २०१९ ला दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला परीक्षा घ्यायची की नाही हे राज्यांवर सोडलं. आपल्याकडे नियम २०२३ मध्ये बदलले. आठवीला ६० पैकी २१ मिळवावे लागतात. नाही मिळाले तर जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा. तेव्हाही नापास झाला तरच मागे ठेवायचं. आणि आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढायचं नाही, हे त्याच दुरुस्तीत आहे.
म्हणजे आठवीच्या मुलाभोवती कायदा उभा आहे. नववीच्या पहिल्या दिवशी तो बाजूला होतो. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतली मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. न काढण्याची हमी आठवीपर्यंत. हे तिन्ही एकाच सुट्टीत संपतं आणि वर गणित अवघड होतं. आणि दहावीचा निकाल दोन वर्षांवर आलेला असल्यामुळे शाळेची चाळणी नेमकी इथेच लागते. दहावीचं कौतुक जरूर करा, रविवारी मीही येतो. पण मला विचाराल तर शाळा बघायची असेल तर तिच्या नववीच्या हजेरीपटावर जूनमध्ये किती नावं होती आणि त्यातली किती दहावीला बसली, ते विचारावं.

*सेक्रेटरी, ए-२०१*
सर, हे फारच लांब झालं पण राहू द्या.

*सी-५०२ सर*
ताई, प्रगतिपुस्तकाचा फोटो मला एकट्याला पाठवा. ग्रुपवर नको.

*बी-३०४*
लपवायचं काय सर, एव्हाना सगळ्यांना कळलंच. दोन्ही सत्रं मिळून असं दिलंय : मराठी ४६, हिंदी ३९, इंग्रजी ३३, गणित २९, विज्ञान ४४, सामाजिक शास्त्रे ४८. इंग्रजी आणि गणिताला लाल रेघ.

*सी-५०२ सर*
थांबा.
दहावीला बोर्डाचा नियम असा आहे. तीन भाषांची बेरीज १०५ आणि प्रत्येक भाषेत किमान २५. गणित आणि विज्ञान मिळून ७०, आणि प्रत्येकात किमान २५. आता याची बेरीज करा. भाषा ४६ + ३९ + ३३ = ११८. गणित-विज्ञान २९ + ४४ = ७३. सामाजिक शास्त्रांत ४८, तिथे ३५ लागतात.
हेच गुण दहावीला पडले असते तर हा मुलगा पास होता.

*सी-२०२ काकू*
काय सांगता!

*ए-६०४*
दोनदा बेरीज केली. बरोबर आहे.

*बी-३०४*
म्हणजे शाळेची चूक आहे?

*सी-५०२ सर*
तसं आज म्हणू नका, आणि तिथे जाऊन तर अजिबात म्हणू नका. शाळेने नववीला कोणता नियम लावला ते आधी लेखी विचारायचं. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं आणि ते दुसऱ्या दिवशी बदलतं. अर्ज असा करा, साध्या कागदावर :

‘मा. मुख्याध्यापक यांस, माझा मुलगा इयत्ता नववी, तुकडी अमुक, हजेरी क्रमांक अमुक, याचा १ मे रोजीचा निकाल अनुत्तीर्ण असा आहे. भाषा गटात एकूण ११८ आणि गणित-विज्ञान गटात एकूण ७३ गुण असताना अनुत्तीर्ण ठरवण्यासाठी कोणता नियम लावला, त्या शासन निर्णयाची प्रत द्यावी. गणित व इंग्रजीच्या उत्तरपत्रिका पालक म्हणून मला दाखवाव्यात. मी दाखल्याची मागणी केलेली नाही व करत नाही. त्याच शाळेत त्याचे शिक्षण चालू ठेवायचे आहे.’

खाली सही, तारीख. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी आणा. ‘दाखल्याची मागणी केलेली नाही’ हे वाक्य गाळू नका, सगळा अर्ज त्यासाठी आहे.

*डी-१०३ बाई*
एक सांगू? मुख्याध्यापक बाई असोत की सर, त्यांच्यावर ओरडू नका. दहावीचा निकाल खाली आला की वरून खुलासा त्यांनाच मागतात. नववीत किती मुलं गेली याचा खुलासा मी तरी कधी कुणी मागितलेला पाहिला नाही. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, देव जाणे.
आणि शिक्का द्यायला क्लार्क कुरकुरेल. बसून राहायचं.

*ए-६०४*
पण समजा शाळा म्हणाली नियम आमच्या बाजूने आहे, नापासच. मग? पुन्हा नववीत, धाकट्या मुलांबरोबर. मित्र दहावीत. या वयात ते सोपं नाही.

*सी-५०२ सर*
सोपं नाही, हे खरं. मी पालकांना ‘काही होत नाही’ असं कधी सांगितलं नाही. मुलगा पहिले दोन महिने मान खाली घालून बसतो. पण नववीचं गणित सोडून दहावीचं बीजगणित येत नाही. शाळेत असला तर निदान रोज कुणीतरी हजेरी घेतं. दहावीत एकदोन विषय राहिले तर अकरावीला एटीकेटी आहे (राहिलेले विषय घेऊन वर जाता येतं), पुरवणी परीक्षा आहे, बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. हे सगळे दरवाजे दहावीला आहेत. नववीला एकच, शाळेचा. तो आपल्या हाताने लावून घ्यायचा नाही.

*बी-३०४*
ह्यांना उद्या रबाळ्याला फर्स्ट शिफ्ट आहे. मी एकटीने जाऊ का? मला ऑफिसात बोलायला जमत नाही हो.

*सी-२०२ काकू*
मी येते. अकराला खाली उतर. बोलायचं तू. मी नुसती बाजूला उभी राहीन, माझं उभं राहणं पुरतं.

*बी-१०१*
अर्ज मी टाइप करून प्रिंट काढून ठेवतो, दोन प्रती. रात्री वॉचमनकडे देतो. तुकडी आणि हजेरी क्रमांक पाठवा.

*ए-६०४*
मुलीची नववीची पुस्तकं आहेत, गणित भाग १ आणि २, विज्ञान, गाईड पण. रद्दीत देणार होतो. वॉचमनकडेच ठेवतो. निकाल बदलला तरी उजळणीला उपयोगी पडतील.

*बी-३०४*
काका, खूप आभार.

*सी-५०२ सर*
शाळा १६ जूनला उघडते. चिरंजीवांना उद्यापासून संध्याकाळी सहाला वर पाठवा. वही-कंपास घेऊन. रागावणार नाही म्हणावं.

*बी-३०४*
पाठवते सर. तो म्हणतोय बीजगणित चालेल, भूमिती नको.

*सी-५०२ सर*
भूमितीच काढून ठेवा.