मदत हवी आहे: शेफील्डच्या जुन्या घडीच्या चाकूवरील पुसट शिक्क्यावरून काळ कसा ठरवावा?

नमस्कार. आमच्या घरी पणजोबांचा एक घडीचा चाकू आहे. त्याच्या पात्यावरील शिक्का अर्धवट झिजला असून त्याचा काळ ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. जुने चाकू जमवणारे किंवा इंग्लंडमधील शेफील्ड या शहराच्या चाकू-कारागिरीचा अभ्यास केलेले कोणी येथे असतील, तर त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चाकू जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीचा आहे. मूठ सांबरशिंगाची आहे, आत पितळी पत्रे आहेत आणि मुठीवर कोणतेही अक्षर नसलेली एक छोटी पांढऱ्या धातूची ढाल बसवलेली आहे. पाती दोन आहेत. मोठे पाते मुठीत शिरते तेथील सपाट भागावर कंपनीचे नाव, चांदणी आणि तिच्या शेजारी माल्टीज क्रॉस (बाहेरच्या टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या चार भुजांचा क्रूस) ही चिन्हे स्वच्छ दिसतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये, खऱ्या कंपनीच्या Rodgers या नावाप्रमाणे, ‘डी’ आहे. या कंपनीच्या लौकिकाचा फायदा घेण्यासाठी इतर कारखानदार मिळतीजुळती नावे ठोकत असत, त्यामुळे ते मी प्रथम तपासले.

चांदणी आणि क्रॉस यांवरून मात्र काळ ठरत नाही. शेफील्डच्या परिसरातील कारागिरांची चिन्हे नोंदवण्याचे काम 1624 साली स्थापन झालेली कटलर्स कंपनी करत असे. हे जोडचिन्ह 1682 मध्ये दुसऱ्याच कारागिराच्या नावे नोंदले गेले, 1764 मध्ये ते रॉजर्स घराण्याकडे आले आणि त्यानंतर पिढ्यानपिढ्या तेच राहिले. बदलत गेला तो त्याच्या सोबतचा मजकूर. कंपनीला राजघराण्याचे चाकूकार हा मान असल्यामुळे मुकुटाच्या दोन बाजूंना राज्यकर्त्याची आद्याक्षरे येत असत: व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे 1837 ते 1901 या वर्षांत, ‘व्ही आर’, सातव्या एडवर्डच्या काळात, 1910 पर्यंत, ‘ई आर’, आणि त्यानंतर पाचव्या जॉर्जसाठी ‘जी आर’. यातला ‘आर’ म्हणजे लॅटिनमधील राणी किंवा राजा (Regina, Rex), म्हणून तो कायम राहतो.

माझी अडचण नेमकी येथेच आहे. मुकुट दिसतो, उजवीकडील ‘आर’ दिसतो, पण डावीकडील अक्षराचा केवळ वरचा डावा कोपरा उरला आहे. दहापट भिंगातून पाहिले असता तो कोपरा सरळ, टोकाशी किंचित रुंद झालेला दिसतो. गोलाई नसल्यामुळे ‘जी’ नसावा असे वाटते, पण ‘व्ही’ आणि ‘ई’ या दोन्ही अक्षरांचा तेवढाच भाग तसा दिसू शकतो. दुर्दैवाने खालच्या ओळीतही तोच पेच आहे. तेथे ‘कटलर्स टू’ नंतर ‘एच’ आहे, त्यापुढे एक उभी रेघ आहे आणि मग ‘मॅजेस्टी’ हा शब्द आहे. ती रेघ ‘हर’मधल्या ‘ई’ची पाठ आहे की ‘हिज’मधला अख्खा ‘आय’, हे मला कितीही पाहिले तरी सांगता येत नाही. वर्षानुवर्षे सहाणेवर पाते घासताना हात थोडा खाली सरकत असावा, म्हणून झीज नेमकी याच बाजूला झाली आहे.

इतर खुणांवरून मी काही निष्कर्ष काढले आहेत, ते चुकत असतील तर दुरुस्त करावेत. पात्यावर ‘शेफील्ड’ आहे, पण ‘इंग्लंड’ नाही. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यानंतर तेथे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले, म्हणून देशाचे नाव नसलेला चाकू त्याआधीचा मानण्याची पद्धत आहे. मात्र हा चाकू मुंबईत विकला गेला होता, त्यामुळे अमेरिकी बाजारासाठीचा हा नियम त्याला जसाच्या तसा लावणे मला योग्य वाटत नाही. ‘स्टेनलेस’ हा शब्दही नाही आणि पाते काळपट-राखाडी पडलेल्या साध्या पोलादाचे आहे. हॅरी ब्रिअर्लीचे गंज न चढणारे पोलाद शेफील्डमध्ये 1913 साली आले, परंतु साधे पोलाद त्यानंतरही वापरात होतेच, म्हणून या खुणेवरही मी फार भर देत नाही.

घरातील आठवण अशी की पणजोबांनी नोकरीला लागल्यावर हा चाकू मुंबईत फोर्टमधून घेतला. त्यांच्या नोकरीच्या कागदावर 1904 हे वर्ष आहे. शिक्का ‘ई आर’ निघाला तर ही आठवण पूर्णपणे जुळते. ‘व्ही आर’ निघाला तर दुकानात राहिलेला जुना माल त्यांनी घेतला असेल, किंवा चाकू त्यांच्याही वडिलांचा असेल. आमच्या आत्याला ही दुसरी शक्यता अधिक खरी वाटते आणि तिचे वय पाहता हे उत्तर तिच्या हयातीत मिळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एका परिचिताने तो भाग पॉलिश पेपरने घासून पाहण्याचा सल्ला दिला होता. उरलेला ठसाही जाईल या भीतीने मी तसे केलेले नाही. केवळ मऊ कापडाने पुसून खोबरेल तेलाचा पातळ हात दिला आहे.

माझी विनंती अशी आहे. ज्यांच्याकडे याच कंपनीचा, शिक्का स्पष्ट असलेला चाकू आहे, त्यांनी ‘एच’ची उभी रेघ आणि ‘मॅजेस्टी’चे पहिले अक्षर यांतील अंतर मोजून कळवावे आणि त्यांचा शिक्का राणीच्या काळातील आहे की राजाच्या, तेही लिहावे. ‘आय’ हे अक्षर ‘ई’पेक्षा अरुंद असल्यामुळे या अंतरावरून ‘हर’ की ‘हिज’ हे कळू शकेल असे मला वाटते. माझ्या पात्यावर हे अंतर सव्वातीन मिलिमीटर आहे. शिक्क्यांचे आकार वेगवेगळे असू शकतात, म्हणून सोबत ‘मॅजेस्टी’ या शब्दाची एकूण लांबीही द्यावी. माझ्याकडे ती साडेसहा मिलिमीटर भरते. तिरक्या उजेडात छायाचित्र घेण्याची किंवा ठशावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने हलकेच घासण्याची पद्धत कोणी पात्यावर वापरली असेल, तर त्याने पात्याला अपाय होतो का, हेही कृपया सांगावे.